तीन विळे आणि केल्ट लोक

अंजनाबाई रामटेके म्हणजे अंगणवाडीच्या सेविका. नागपूरकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावात कुठलं पोर कधी जन्मलं आणि वजन किती भरलं, हे त्या झोपेतसुद्धा सांगतील. पण २००८ साली बाहेरून बी.ए. करताना प्रकल्पाच्या विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मराठे-मोगल दुसऱ्यांना गेले आणि बाईंच्या वाट्याला आले प्राचीन केल्ट लोक: उगम आणि प्रसार. संपर्कवर्गात हशा पिकला. बाईंना हसायला सवड नव्हती. पर्यवेक्षिका व्हायला पदवी हवी आणि वयाची मर्यादा पुढच्या वर्षी उलटणार होती. तोंडी परीक्षेत घसरल्या की विषय संपला.

गाइडात सगळं सोपं होतं. ऑस्ट्रियात हॉलस्टाट नावाचं मिठाच्या खाणीचं गाव, तिथल्या थडग्यांत अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लोखंडी तलवारी. पुढे तशाच घडणीचं सामान फ्रान्समध्ये, पार ब्रिटनपर्यंत सापडलं. म्हणजे केल्ट तिथून निघाले आणि युरोपभर पसरले. बाईंनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं.

नोव्हेंबरात पुष्पाबाई बिसेनांच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धानाची कापणी लागली. रविवार पाहून अंजनाबाईही गेल्या. जेवणाच्या वेळी सगळ्या बायकांचे विळे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एकत्र पडतात, म्हणून जी ती मुठीला आपल्या रंगाची चिंधी बांधते. त्या दिवशी चिंध्या न पाहताच बाईंनी भलताच विळा उचलला.

"काऊन वं बाई, माझा इळा कायले नेऊन राहिली?" शेजारची वच्छला उईके ओरडली आणि जावेला गोंडीत काहीतरी सांगून खदखदा हसली. पुष्पाबाईंनी पोवारी बोलीत आणखी एक टोला हाणला.

बाई मात्र हातातल्या विळ्याकडे बघत राहिल्या. सगळे विळे गोरेगावच्या बाजारातले, एकाच लोहाराचे. वच्छलाच्या घरी गोंडी, पुष्पाबाईंच्या घरी पोवारी, आपल्या घरी झाडीबोली. उद्या हे विळे जमिनीतून निघाले, तर गाइडवाला खुशाल लिहील की इथे एकच लोक राहत होते!

घरी येऊन त्यांनी गाइडातून उतरवलेलं ते पान फाडलं. हिंमत बघा बाईची! पदवी दारात आलेली आणि ही गाइडाशी भांडायला निघाली. तीन दिवस ग्रंथालयात बसल्यावर कळलं की मोठमोठ्या अभ्यासकांनाही हीच शंका आहे. सामान पसरलं, भाषा पसरली, पण माणसं कुठून निघाली नि किती निघाली, यावर अजून वाद चालू आहे. बाईंनी तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला नागपूरचे सर होते. "केल्ट लोकांचा उगम कुठला?"

"नक्की सांगता येत नाही, सर."

सरांच्या कपाळाला आठी पडली. "हॉलस्टाट कसं विसरलात?"

"विसरली नाही. पण तलवार तिथली म्हणून ती धरणारा हातही तिथला, असं कसं म्हणायचं?"

"पुस्तकात तर तसंच आहे."

बाईंनी पिशवीतून तीन विळे, दोन उसने नि एक आपला, काढून टेबलावर मांडले. चिंध्या सोडून टाकल्या होत्या. "यातला गोंडाघरचा कोणता, पोवाराघरचा कोणता नि माझ्या घरचा कोणता? सांगा सर."

सरांनी तिन्ही उलटसुलट करून पाहिले. मग चष्मा काढला. "नाही सांगता येत."

"मंग मलेही नाई सांगता येत, सर."

सर मोठ्यानं हसले आणि त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढली. शंभरात ऐंशी दिले. मला विचाराल तर कमीच दिले.

संध्याकाळी वच्छला दारात उभी. "पास झाली?"

"झाली."

"मंग माझा इळा दे. सकाळी कापणी हाय."

बाईंनी पिशवी उघडून तिन्ही विळे दारात मांडले. चिंध्या नव्हत्या, आणि कोणता कोणाचा ते त्यांनाही कळेना. वच्छलानं एकेक विळा मुठीत धरून पाहिला. तिसरा तिनं खाली ठेवला नाही.

"कसं कळलं वं?"

"दहा वर्सं धरून राहिली, कळन नाई तं का?" म्हणत वच्छला विळा घेऊन निघाली.

बाई दारात उभ्या राहिल्या. धरणाऱ्या हाताला आपला विळा कळतो, सरांना हेही सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटत राहिलं.