उठवा पंगत!

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागायला माजी विद्यार्थिनी आल्या, तेव्हाही मी जुन्या इमारतीच्या पत्र्यांविषयी चार पानं लिहून दिली आणि त्यांची बोळवण केली. पण परवा वेल्ह्याच्या बाजारात एक जण दुसऱ्याला सांगत होता, "त्या आपानं शाळंच्या कॉम्प्युटरात व्हायरस घातला व्हता, म्हणून तिला काढली." मी शेजारीच भाजीची पिशवी धरून उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. घरी येऊन पिशवी ठेवली आणि लिहायला बसलो.

आपांनी व्हायरस घातला नव्हता. त्या तर हा शब्दही आपल्यासमोर कोणाला काढू देत नसत. "व्हायरस म्हंजे भूत," त्या म्हणायच्या. "ज्याला कारण शोधायचा कंटाळा, त्यानं भूत म्हणायचं आन घरी जायचं. मला कारण दावा." एकदा आमचे गणिताचे शिक्षक सहज म्हणाले, "आपा, व्हायरस आलाय वाटतं." आपांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा. कुठून आला, कोणत्या एसटीनं आला, ते सांगा." शिक्षक हसत हसत निघून गेले. पण त्यानंतर कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांनी तो शब्द उच्चारला नाही.

मी तेव्हा वेल्हे तालुक्यातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. पुण्यातल्या काही देणगीदारांनी आम्हाला कॉम्प्युटर दिले होते. त्यांतल्या एकाच यंत्राला टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट होतं. त्यांची देखभाल करायला आणि शनिवारी मुलींचा वर्ग घ्यायला आपा भोरहून येत. एसटीनं नसरापूर, तिथून मिळेल त्या जीपनं वर. वडील भोरातले आचारी, लग्नाच्या देगा लावणारे, नवरा टेम्पोवर, आणि या स्वतः बी.एस्सी. वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील, पण सगळी शाळा त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीणच म्हणायची, मीही. त्यांच्या गावरान बोलण्यावर एका बाईंनी नाक मुरडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी शिकले म्हणून माझी जीभ बदलू का? कॉम्प्युटरला चालतंय, तुमालाच चालंना व्हय?"

त्या काळी ब्राउझर सारखा मान टाकायचा. इंटरनेटवरची पानं ज्या खिडकीतून बघायची तो ब्राउझर. आणि त्याला चित्रं, आवाज, मराठी अक्षरं दिसावीत म्हणून वरून जोडायची ती छोटी सॉफ्टवेअरं म्हणजे प्लगइन. पान उघडता उघडता खिडकी एकदम नाहीशी व्हायची आणि झाल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत, अशा अर्थाची इंग्रजी चौकट यायची. मुली ओरडायच्या, "आपा, उडाला!" आपा तळहातावरचे उकडलेले शेंगदाणे तोंडात टाकत यायच्या आणि हाक द्यायच्या, "उठवा पंगत!"

ही हाक त्यांच्या वडिलांची. लग्नाच्या पंगतीत भांडण लागलं, तर कोणी सुरू केलं हे आचारी विचारत बसत नसे. तो सगळ्यांना पानावरून उठवी आणि मग एकेकाला बसवी. ज्याच्या बसण्यानं पुन्हा कालवा सुरू होई, त्याला दुसऱ्या ओळीत न्यायचं. आपा नेमकं तेच करत. आधी सगळी प्लगइन बंद. मोकळा ब्राउझर नीट चालतो का, ते बघायचं. मग एकेक चालू करत जायचं, आणि दर वेळी तेच पान उघडायचं. ज्याच्या पाठोपाठ ब्राउझर पडला, त्याच्यावर बोट. पण तिथं त्या थांबत नसत. त्याला एकट्याला बसवून बघत. बहुतेकदा तो एकटा गुण्यागोविंदानं बसे. मग मुलींकडे वळून म्हणत, "बघा. वाईट कोणीच न्हाई. ह्यांचं एकमेकांत जमत न्हाई, एवढंच. नवऱ्याचे मामा आन नवरीचे काका."

आपा चुकत नसत असं मुळीच नाही. एकदा त्यांनी ब्राउझरच्या वर चिकटलेल्या एका पट्टीला दोष दिला, ती काढून टाकली, शाळाभर सांगितलंही. आणि पुढच्या शनिवारी ब्राउझर पुन्हा उडाला. खरं कारण म्हणजे आवाजाचं एक प्लगइन जुनं राहिलं होतं, नव्या ब्राउझरशी त्याचं जुळत नव्हतं. आपांनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'पट्टी निर्दोष होती. चूक माझी.' मी म्हणालो, "आपा, पुसा ते. मुलींसमोर बरं दिसत नाही." त्या म्हणाल्या, "मुलींसाठीच लिवलंय, सर. चुकलं तर मोठ्यानं सांगायचं. मग न्हाई चुकलं म्हणून सांगितलं, की लोकांनी ऐकलं पायजे." त्यांचा लोकांवर असा विश्वास होता.

दुसरा नियम यंत्राच्या डोक्यावर चिकटवलेला होता : 'विचारल्याशिवाय यस दाबू नये.' कारण इंटरनेटवरचं कुठलंही पान मधेच विचारी, हे बसवू का, ते बसवू का, आणि यस दाबलं की नवा पाहुणा पंगतीत. मुलींना त्या हे घोकून घेत. "पडद्यावर कोणी विचारलं की काय करायचं?" "आधी वाचायचं!" "कळलं न्हाई तर?" "नो दाबायचं!" "आन घरी कोणी विचारलं तर?" मुली खिदळायच्या, पण उत्तर द्यायच्या.

त्यातून एक प्रकरण झालं. पालीच्या एका मुलीनं, दहावीत असतानाच ठरवलेल्या लग्नाला, बैठकीत सगळ्यांसमोर नाही म्हटलं. तिचे वडील तणतणत माझ्या खोलीत आले. "सर, तुमच्या त्या आपानं पोरीला नो दाबाया शिकवलं! चार माणसांत माझी शोभा झाली." आपा दारातच उभ्या होत्या. त्या आत येऊन म्हणाल्या, "दादा, तुमी तिला विचारलं व्हतं का नुसतं सांगितलं व्हतं?" वडील आले तसे माघारी गेले. मुलगी शाळेत राहिली. पण ही गोष्ट संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेली आणि त्यांना ती आवडली नाही. "ही बाई कॉम्प्युटर शिकवते की अजून काही?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. शनिवारचा वर्ग बंद करायला त्यांना निमित्त हवं होतं. ते निमित्त मी पुरवलं.

माझी मुलगी परदेशात होती. तिला मुलगी झाली. नातीचा चेहरा बघायचा तर इंटरनेटवरच, आणि ते होतं फक्त शाळेत. खोलीच्या किल्ल्या दोन : एक आपांकडे, एक माझ्याकडे. शाळा सुटल्यावर मी एकटा जाऊन बसलो. मुलीनं सांगितलेलं पान उघडलं. त्यानं विचारलं, हे बसवू का? नियम डोक्यावर चिकटलेला होता. मी यस दाबलं. पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा यस. मग एक इवलासा चेहरा हलला, जांभई दिली, आणि मी त्या खोलीत एकटाच हसत सुटलो. आपांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे लाज वाटली.

त्याच आठवड्यात देणगीदार शाळा बघायला आले. अध्यक्ष, हार, नारळ, सगळं होतं. पालीची तीच मुलगी पडद्यापुढे बसली. राजगडाची माहिती देणारं मराठी पान ती उघडून दाखवणार होती. पान अर्धं उमटलं आणि ब्राउझर उडाला. तिनं पुन्हा उघडला, पुन्हा उडाला. तिसऱ्या वेळी पाहुणे घड्याळाकडे बघू लागले. अध्यक्ष म्हणाले, "काय हो बाई, हीच का देखभाल? व्हायरस भरलाय नुसता."

"भरला न्हाई," आपा म्हणाल्या. "उठवा पंगत!"

"आता नको. पाहुणे चहाला चाललेत."

"चहा हितंच आणा. तुमी माझं नाव घेतलंय, आता कारण बघूनच जायचं." आणि त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. पाहुण्यांतल्या एक वयस्क बाई हसल्या आणि परत खुर्चीवर बसल्या. मग सगळ्यांनाच बसावं लागलं.

आपांनी मुलीकडूनच सगळं करून घेतलं. सगळं बंद. मोकळा ब्राउझर चालला. मराठी अक्षरांचं प्लगइन बसवलं. पान सुंदर उमटलं, राजगडाच्या बालेकिल्ल्याची बाजू दिसली. चित्रांचं बसवलं, चाललं. मग यादीत एक अनोळखी नाव. ते चालू केलं आणि ब्राउझर धाडकन गेला. अक्षरांचं काढून त्या अनोळख्याला एकट्याला बसवलं, तर तोही चालला. "सापडलं," आपा म्हणाल्या. "हलती चित्रं बघायचं प्लगइन हाय. ह्याचं आन मराठी अक्षरांचं जमत न्हाई. हे हलत्या चित्रांचं मी बसवलेलं न्हाई."

"मग कोणी बसवलं? किल्ली तुमच्याकडे असते," अध्यक्ष म्हणाले.

"किल्ल्या दोन हायेत," आपा म्हणाल्या. एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरी किल्ली कोणाकडे, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पण मुख्याध्यापकावर कोणी बोट ठेवत नाही.

तेव्हा मी गप्प राहिलो असतो, तरी पाप कमी झालं असतं. मी बोललो. मोठ्या मनाचा आव आणून, समजुतीच्या सुरात म्हणालो, "जाऊ द्या, अध्यक्षसाहेब. माणसाकडून चूक होते. आपांकडून नकळत झालं असेल. आपण सोडून देऊ." माझ्याच चुकीची मी त्यांना माफी देऊन टाकली, तीही चार पाहुण्यांसमोर.

आपा माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. "माझी चूक असती तर हा फळा हितंच हाय, सर. मी लिवली असती." त्यांनी पर्समधून किल्ली काढली, टेबलावर ठेवली. "माफी नको मला. घेणार न्हाई." पालीच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि चालत्या झाल्या. पुढच्या शनिवारपासून वर्ग बंद. काही दिवसांत 'आपांचा व्हायरस' हा शब्द शाळेत रुळला. ज्या बाईनं तो शब्द कोणाला काढू दिला नाही, तिच्याच नावाला तो चिकटला, आणि मी रोज तो ऐकत खुर्चीवर बसलो.

आपा मात्र बसल्या नाहीत. त्यांनी नसरापूरला, रिक्षा थांबतात त्या कोपऱ्यावर गाळा घेतला. वर पाटी लावली : 'कॉम्प्युटर वर्ग. मुलींसाठी शनिवारी. येथे कारण सापडते.' पाली, सारोळे, कुठून कुठून मुली येऊ लागल्या. अध्यक्षांनी पालकांना सांगून बघितलं की तिकडे पाठवू नका. पालीच्या त्या मुलीचे वडीलच स्वतः तिला जीपमधून आणून सोडत. त्यांना कोणी हटकलं, तर म्हणत, "माझी पोरगी मला विचारून आली न्हाई, मी तिला विचारून आलोय."

निवृत्त झाल्यावर मी एकदा नसरापूरला गेलो. माझ्या मुलीनं परदेशातून पाठवलेला लॅपटॉप काखेत होता. एसटीत सगळा वेळ एकच वाक्य घोकत होतो. पण आपांनी "या सर, बसा" म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून निघालं, "ब्राउझर सारखा उडतोय हो."

त्यांनी चहा मागवला आणि काम सुरू केलं. सगळी प्लगइन बंद केली, एकेक चालू करत गेल्या. एका नावावर त्यांचा हात थांबला. मीही ते नाव ओळखलं.

"हा पाहुणा माझ्या वळखीचा हाय, सर," त्या म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. वाट बघत राहिल्या. बाहेर रिक्षावाला "वेल्हे, वेल्हे" ओरडत होता. मी कप उचलला आणि म्हणालो, "चहा छान झालाय."

"हे काढू का ठेवू?" त्यांनी विचारलं.

"ठेवा. त्यात नात दिसते."

त्यांनी ते काढलं नाही. त्याची नवी आवृत्ती उतरवून घेतली, अक्षरांचंही नवं बसवलं, आणि दोघांना शेजारी शेजारी चालवून दाखवलं. मग स्वतःच म्हणाल्या, "लावा बघू फोन नातीला." पडद्यावर नात आली आणि तिनं मोडक्या मराठीत "आजोबा" म्हणून हाक मारली. आपा मोठ्यानं हसल्या. निघताना म्हणाल्या, "परत उडाला तर या." मी परत गेलो नाही. तो पुन्हा उडालाच नाही.

आपा गेल्याचं मला पालीच्या मुलीनं फोनवर सांगितलं. ती आता तोच गाळा चालवते. पाटी तीच आहे. मी भोरला गेलो. त्यांचे मालक घराबाहेर टेम्पोला टेकून उभे होते. त्यांनी माझे हात धरले. "सर, ती नेहमी सांगायची, सरांच्या नातीचा आवाज लई गोड." मी मान हलवली. तिथंही मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

आता ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. अध्यक्षांचे लोक म्हणतील, म्हाताऱ्याला कशाला हे उकरायला हवं होतं? हवं होतं. हे लिहिलेलं मी शाळेत पाठवणार आहे, आणि छापलं नाही तर काठी टेकत जाऊन त्या खोलीतल्या फळ्यावर लिहिणार आहे. जे वाक्य नसरापूरच्या एसटीत पाठ केलं होतं, तेच :

आपा, ते प्लगइन मी बसवलं होतं. चूक माझी.