राउटरची उत्तरपूजा

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. आई उरणकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी कोयता, विळा, मिठागरातलं फावडं पुजत. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फावडं कुठून असणार, म्हणून विळी, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर असं जे मिळेल ते पाटावर मांडतो. यंदा त्यात राउटर ठेवायची कल्पना माझी.

त्याच दिवशी बारा वाजता बायकोची मुलाखत होती. व्हिडिओवर, घरच्या कॉम्प्युटरवरून. पूर्वी ती न्हावा शेवाला एका कस्टम एजंटकडे मालाची कागदपत्रं बघायची. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिने ते काम सोडलं. ‘थोडे दिवसच’ असं मी म्हणालो होतो. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आता परदेशातल्या एका मालवाहतूक कंपनीने तिला विचारलं होतं, आणि तिकडे खंडेनवमीची सुट्टी नसते. हे काम तिला मिळावं असं मला इतकं मनापासून वाटत होतं, की जिथून मुलाखत येणार त्या राउटरला मी विळी-कात्रीपेक्षा जास्त हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि वर मूठभर अक्षता टाकल्या. मग पूजेसाठी काढलेल्या वायरी परत जोडल्या. बाहेरून येणारी मुख्य वायर नेहमीसारखी टक् करून बसली नाही. आत काहीतरी आडवं येत होतं. मी जोर लावून ती तशीच दाबून बसवली.

साडेअकराला बायको केस बांधून कॉम्प्युटरसमोर बसली आणि म्हणाली, “अहो, नेट नाहीये.”

“येईल,” मी म्हणालो.

“येईल म्हणजे? तुम्ही काही केलंत का?”

“पूजा केली.”

“पूजा मलाही दिसतेय. त्याशिवाय?”

“नाही,” मी म्हणालो, आणि नेटवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. आमच्या घरात मोबाईलवर बोलता येतं तेवढंच, मोबाईलचं नेट मात्र धड चालत नाही.

हेल्पलाइनवरची मुलगी फार गोड बोलत होती. “सर, राउटरवरचा कोणता लाइट लाल दिसतोय?”

“सगळेच.”

“सगळेच?”

“लाइटांवर कुंकू आहे.”

“ओके सर. अलीकडे कनेक्शनमध्ये काही बदल केलेत का?”

बायकोने विचारलेलाच प्रश्न, पण ही मला ओळखत नव्हती. मी खिडकीकडे वळलो आणि हळू आवाजात तिला सगळं सांगून टाकलं. अक्षता, अडलेली वायर, लावलेला जोर. मग वडिलांचं आजारपण, मग ‘थोडे दिवसच’. मला थांबताच येईना.

“सर,” ती म्हणाली, “आपण ती वायर काढून परत लावून बघू या का?”

मी पाटाजवळ बसलो, तसा आईने माझा हात धरला. “बाला, पूजलेली वस्तू हाय ती. उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावाचा नाय.”

“मग आत्ताच करा ना उत्तरपूजा, आई,” बायको घड्याळाकडे बघत म्हणाली.

“नवमीलाच? दसरा उजाडू दे की.”

“दसऱ्यापर्यंत ते लोक थांबतील का माझ्यासाठी?”

आई विचारात पडली. तिलाही सुनेला काम मिळायला हवं होतं. शेवटी म्हणाली, “करते. पन निवेद आन आधी. उपाशी कसा उठवाचा त्याला?”

मी वाटीत साखर आणली. आईने राउटरला नैवेद्य दाखवला, घंटा वाजवली.

“सर, मी होल्डवर आहे का?” फोनमधून आवाज आला.

“नाही, नाही. उत्तरपूजा चाललीय.”

“ओके सर. मी लाइनवर आहे.”

उत्तरपूजेलाही अक्षता वाहाव्या लागतात हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आईची मूठ भरली होती. मी राउटरवर आडवा पडून वायरींच्या भोकांवर तळवा धरला. अक्षता माझ्या डोक्यावर पडल्या.

बायकोने हे सगळं पाहिलं. तिने आपला मोबाईल आणि फाइल उचलली. “तुम्ही त्या मुलीशी बोलत राहा. जे सांगेल ते नीट करा,” एवढंच म्हणाली आणि दार ओढून जिन्यात गेली. आमच्या मजल्यावर नेट पकडतं ते फक्त तिथे, शेजाऱ्यांच्या चपलांच्या कपाटापाशी.

मी वायर काढली. आईने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. भोकात खोलवर तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता, कुंकवाने लाल. पिनेने तो बाहेर काढला. वायर लावली, टक् झालं. लाइटवरचं कुंकू धोतराने पुसलं तर खाली हिरवा.

“आला!” मी फोनमध्ये ओरडलो.

“अभिनंदन सर,” ती मुलगी म्हणाली. मला वाटतं, तिलाही खरंच आनंद झाला होता.

बायकोला आत बोलवायला मी दाराशी धावलो. कडीला हात लावला तर बाहेरून मुलाखत घेणाऱ्याचा आवाज आला. तो इंग्रजीत विचारत होता, जहाज सुटायची वेळ झाली आणि कुणाच्या तरी चुकीने कंटेनर अडकला, तर तुम्ही आधी काय कराल?

“ज्याची चूक आहे त्याला तेव्हा काही विचारत नाही,” बायको म्हणाली. “तो आधीच घाबरलेला असतो आणि फार बोलतो. त्याला काहीतरी काम देऊन बाजूला बसवते. आणि माल दुसऱ्या वाटेने काढते.”

पलीकडे दोघं-तिघं हसले. मी कडीवरचा हात काढला आणि आत येऊन पाटाशेजारी बसलो.

बऱ्याच वेळाने ती आली. पदराने मोबाईल पुसत म्हणाली, “दुसरी फेरी आहे. सोमवारी. तेव्हा तुम्ही ऑफिसलाच असाल ना?”

दुसरी फेरी झालीच तर सोमवारी, हे कंपनीने आधीच कळवलं होतं, म्हणून मी त्या दिवशीची रजा टाकून ठेवली होती. तिला मदत व्हावी म्हणूनच. “हो,” मी म्हणालो, आणि लगेच साहेबांना फोन करून रजा रद्द केली.