समुद्राकाठच्या मिरच्या

फुईच्या नंबरवरून फोन आला की मी हॅलो म्हणत नसे, थेट हवामान सांगत असे. त्या दिवशीही तसंच झालं. नाशिकच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, डबा नुकताच उघडला होता, फोन वाजला आणि मी म्हटलं, "ऊन आहे. थोडा वारा आहे." पलीकडून सुनीलदादाचा, म्हणजे फुईच्या मुलाचा आवाज आला. "मी बोलतोय गं... आई गेली सकाळी." आमच्या नंदुरबारला तेव्हा पावसाची झड लागली होती, हे मला घरी पोहोचल्यावर कळलं. मी ऊन सांगितलं होतं ते इटलीतल्या एका समुद्राकाठच्या गावातलं. ते गाव आम्ही दोघींनी कधीच पाहिलेलं नव्हतं.

फुई म्हणजे पप्पांची मोठी बहीण. पुस्तकातल्या मराठीत आत्या, आमच्याकडे फुईच. लग्न होऊनही ती आमच्याच गल्लीत राहिली आणि नवरा, म्हणजे आमचे फुवा, गेल्यावर त्यांचा मिरचीचा धंदा तिनेच सांभाळला. दिवाळी झाली की गावाबाहेरच्या पथारीवर, मिरची वाळवायच्या त्या मोठ्या मैदानावर, ती तोंडाला रुमाल बांधून सकाळपासून उभी असायची. नजर पोहोचेल तिथपर्यंत लाल. तिच्या साडीला, पिशवीला, उशीलासुद्धा मिरचीचा वास असायचा. लहानपणी तिच्या कुशीत शिरले की मी आधी शिंकायचे आणि ती हसायची. मी इंग्रजी शाळेत जाणारी आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी. बाकीच्यांनी माझा नाद सोडला होता, फुईने नाही. "तुन्ही इंग्रजी काय लगीनसाठे जपी ठेयेल शे का?" असं ती चारचौघांत अहिराणीत विचारायची आणि मी आणखीच गप्प व्हायचे.

काही वर्षांपूर्वी एका थंडीत मी पथारीवर तिच्याशेजारी बसून मोबाइल चाळत होते. त्यात एक फोटो आला. जुनी दगडी घरं, प्रत्येक गॅलरीतून लाल मिरच्यांच्या माळा सोडलेल्या आणि मागे निळा समुद्र. मी नुसताच फोन तिच्यापुढे धरला. फुईने रुमाल खाली केला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "समुद्रना काठवर मिरची वाळस कशी? फोटो खोटा शे." मी शोधून सांगितलं की गाव खरं आहे, तिथले लोक मासे धरतात आणि मिरचीशिवाय जेवत नाहीत. तिला पटलं नाही. दमट हवेत मिरची काळी पडते, तिला बुरशी लागते, हे ती मला पुन्हा पुन्हा समजावत राहिली. संध्याकाळी घरी निघताना मात्र म्हणाली, आपण जाऊन पाहू.

सगळ्यांना ती थट्टा वाटली. सुनीलदादा तर म्हणाला, समुद्रच पाहायचा तर रविवारी सुरतच्या गाडीत बस, डुमसच्या किनाऱ्यावर भजी खा आणि संध्याकाळी परत ये. फुईने साठी ओलांडली होती आणि अजून समुद्र पाहिला नव्हता. गाडीने काही तासांवर होता, तरी नाही. दादाच्या बोलण्यावर ती शांतपणे म्हणाली, "तोच पहिला समुद्र. दुसरा माले दखना नही." त्यानंतर सुरतला कुणाच्या लग्नाला गेली तरी ती किनाऱ्याकडे वळली नाही. नातेवाईक गाडी काढून बोलवायचे, ती कार्यालयातच बसून राहायची. तिने तो पहिला समुद्र राखून ठेवला होता.

खरी अडचण होती ती महिन्याची. हिवाळ्यात मिरची जमिनीवर असताना फुई हलणार नाही. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या घालायच्या, पापड लाटायचे, वर्षभराचं धान्य भरायचं. दर वेळी आमचा बेत असा वर्षभर फिरून परत जागेवर यायचा. शेवटी उरला सप्टेंबर. तेव्हा तिथे मिरची उतरते आणि आपल्याकडची अजून झाडावर असते. घरात कुणीतरी म्हणालं, पितृपक्षात कुठे परदेशात निघालीस? फुवांचं पान कोण वाढेल? फुई म्हणाली, "तुन्हा फुवा येई तठे जेवाले."

दोघींचे पासपोर्ट आले. तिने चाकांची बॅग घेतली आणि चाकं नीट फिरतात का ते पाहायला ती गल्लीत ओढून आणली. शेजारणी विचारत होत्या, कुठे निघाल्या? ती प्रत्येकीला थांबून सांगत होती. कामंही वाटून झाली होती. बोलायचं मी, भाव करायचा तिने. आणि मी नाशिकला नोकरीला लागल्यापासून रोज दुपारी फोन. आज तिथे ऊन आहे का? ऊन असलं की एवढ्यावर भागायचं. पाऊस असला की तिचा आवाज बदलायचा. "मग मिरच्या मझार लिध्यात का त्यासनी?" मला इथे बसून काय कळणार, त्यांनी मिरच्या आत घेतल्या की नाही? पण मी म्हणायचे, घेतल्या. मगच ती फोन ठेवायची. एरवी मी दिवसभर ऑफिसात कामापुरतंच बोलते. ते एक वाक्य मात्र मी मोठ्याने, कुणाची पर्वा न करता बोलत असे.

तेराव्यानंतर दादाने ती बॅग कपाटावरून काढली. रिकामी असेल असं वाटलं होतं, पण जड लागली. चेन उघडली आणि आम्ही सगळे शिंकायला लागलो. पप्पा, दादा, मी... डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. आत दोन साड्या, एक स्वेटर, डब्यात बिबड्या आणि सगळ्यात वर मिरच्यांची एक लांब माळ. आमच्याकडे मिरची पसरतात, माळ कुणी करत नाही. तिने त्या फोटोत बघून ओवली होती. त्यांना आपली मिरची दाखवायला, त्यांच्या पद्धतीने. दादा ती माळ घेऊन गॅलरीत गेला आणि तिथल्या खिळ्याला त्याने ती टांगली.

सप्टेंबर आता आलाच आहे. पप्पा म्हणतात, तू जाऊन ये. मी पाहू म्हणते. त्यांना माहीत आहे की अनोळखी गावात रस्ता विचारायलाही मला धीर गोळा करावा लागतो, आणि भाव करायला आता बरोबर कुणी नाही. पण फोनमधल्या हवामानाच्या यादीत नंदुरबारच्या खाली ते गाव अजून आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत बोट आपसूक तिथे जातं.

परवा त्याच वेळी फोन वाजला. फुईचा नंबर. ते सिमकार्ड आता दादाकडे असतं. तो आधी थोडा खाकरला, माझं जेवण झालं का विचारलं. मग म्हणाला, "आज... तठे काय शे?"

"पाऊस," मी म्हटलं.

"मिरच्या मझार लिध्यात का त्यासनी?"

"घेतल्या."

"अठे बी पाणी चालू शे," दादा म्हणाला. "मी बी माळ लिधी मझार."