चिकटपट्टीच्या वासाची बिअर

ओड्वार, फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. माझी धाकटी बहीण सिग्रीद तुझ्याशी लग्न करून त्या उतारावरच्या घरात गेली, तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, हा माणूस चुकला तरी कबूल करायचा नाही. तसाच राहिलास.

जन्मभर डेअरीचा दुधाचा टँकर चालवलास, तो मात्र आरशासारखा ठेवलास. आणि बिअर! आपल्या वॉस गावात कुणाचं लग्न असो, बारसं असो की मयत, पिंप तुझ्याच शेडमधलं. त्या बिअरवर जी ऐट मिरवलीस ती सिग्रीदच्या जिवावर. हे मी तोंडावर सांगितलं तेव्हा तू हसला होतास.

सिग्रीद वारली आणि पुढच्याच शरदात बिअर बिघडली.

पिंप उघडायला शेजारी जमले होते. यजमानाच्या बिअरला आपल्याकडे कुणी नावं ठेवत नाही, फार तर वाडगं अर्धं ठेवतात. त्या दिवशी सगळीच वाडगी अर्धी राहिली. शेजारचा आस्लाक तर बिअर सोडून तुझ्या मेंढ्यांच्या लोकरीचं कौतुक करत सुटला. तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "बिअर आंबवायचं विरजण बाद निघालं. ह्या मास्तरीणबाईंच्या घरचं ना ते!"

सगळ्यांदेखत! मग मीही सगळ्यांदेखत बोलले.

"विरजण नाही, ओड्वार. जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास मारतेय तुझी बिअर."

"तुझ्या नाकातून शाळेची प्रयोगशाळा अजून गेली नाही."

"नाही गेली. म्हणून तर कळलं."

तुझी नात टोरा, तिचं लग्न वसंतात. बिअर आजोबांची, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. त्या पोरीसाठी मी खटपट केली, तुझ्यासाठी नव्हे. तेच विरजण, त्याच ओढ्याचं पाणी, तुझ्याच पोत्यातलं बार्लीचं माल्ट घेऊन मी माझ्या घरी, माझ्या भांड्यात बिअर केली. झकास झाली. मग उरलं काय? तुझं लाकडी पिंप. शेडमध्ये शिरले आणि रिकाम्या पिंपात डोकं घातलं. पोहण्याच्या तलावाचा वास!

"कशानं धुतोस हे?"

"क्लोरिननं. टँकर धुवायचो तसं. एक जंतू शिल्लक राहत नाही."

"टँकर पोलादाचा होता, गाढवा! लाकूड क्लोरिन पिऊन बसतं आणि बिअर ओतली की तिच्यात सोडतं, त्यातूनच तो चिकटपट्टीचा वास. सिग्रीद जुनिपरच्या झुडपाच्या डहाळ्या उकळून त्या पाण्यानं पिंप धुवायची, ते काय उगीच?"

"बायकांची हौस. वास छान येतो म्हणून."

आणि मला खोटं पाडायला दुप्पट क्लोरिननं पिंप धुऊन पुन्हा बिअर केलीस. टोरा आली, एक घोट घेतला आणि वाडगं खाली ठेवलं. "आजोबा, आम्ही दुकानातून बिअरचे डबे मागवू का? तुम्हाला ह्या वयात कशाला त्रास?" किती गोड बोलली, पण तुझा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा. टोपी काढली नाहीस, आतही आला नाहीस.

"ती कुठून आणायची डहाळ्या?"

"वरच्या कुरणामागून. वाट्टेल ते झुडूप चालत नाही."

"दाखव मग. लग्नाआधी एक पिंप करण्याइतके दिवस आहेत अजून."

"रविवारी. करवत घेऊन ये. आणि आधी म्हण, विरजण चांगलं होतं."

"रविवारी येतो," एवढंच पुटपुटलास.

रविवारी मी बूट चढवून अंगणात उभी राहिले. खाली तू तुझ्या दाराच्या पायरीवर बसलेला, करवत मांडीवर. मी तुला दिसत होते, तू मला दिसत होतास. कुरणाची वाट माझ्या दारावरून जाते, यायचं तुला होतं. 'विरजण चांगलं होतं' हे तीन शब्द जड झाले तुला! मी खाली उतरणार नव्हते, आणि आजही उतरणार नाही. जेवणवेळेला तू उठून आत गेलास. मी बूट काढले.

टोराच्या लग्नात पाहुण्यांनी डबे फोडले. त्या डहाळ्या अजून तोडायच्याच आहेत.