अण्णांना दिसणारे चेहरे

डॉक्टरांनी झाडाच्या खोडाचा फोटो पुढं धरला. "बाबा, यात काय दिसतंय?"

"माणूस हाय. आपल्याकडंच बघायलाय," माझे वडील, अण्णा, म्हणाले. पुढच्या फोटोत ढगात बाई दिसली, भिंतीच्या डागात म्हातारा. मला नुसते ढग अन् डाग दिसत होते.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: लुई बॉडी डिमेन्शिया. मेंदूच्या पेशींत एक प्रथिन साचत जातं. चाल मंदावते, भान कमीजास्त होतं, नाही ते दिसतं.

"डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "डोळा अर्धवट चित्र पाठवतो, उरलेलं मेंदू अंदाजानं भरतो. सगळ्यांचाच. पण आपला मेंदू लगेच तपासतो, खरंच आहे का. यांचं तपासणं बंद पडत चाललंय. यातून चेहरे दिसतात, त्याला पॅरायडोलिया म्हणतात. कधीपासून आहे?"

"दीड वर्ष झालं," मी म्हणालो.

आमचं गाव लिंबागणेशच्या बाजूला. दीड वर्षापूर्वी अण्णांना बांधावरच्या दगडात गणपती दिसला. सोंड, कान, बोटानं दाखवलं. मग सगळ्या गावाला दिसायला लागला. शेंदूर लागला. "अण्णा, तुमी लई नशीबवान," म्हणत लोक पाया पडायचे. पहिला नारळ मी फोडला. खानदानातला पहिला बी.एस्सी. मी, त्याचा मला आजही अभिमान आहे. पण शंका घ्यायची तर मीच घ्यायला हवी होती. पुढं अण्णांना ज्वारीत, पोत्यांत चेहरे दिसू लागले, तरी आम्ही हातच जोडले.

मग एका दुपारी त्यांनी खुंटीवरच्या माझ्या शर्टावर विळा चालवला. "कवाचा उभा हाय मुडदा," म्हणाले.

आई फाटका शर्ट धरून मला म्हणाली, "यात तू असतास तर रं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखाना गाठला.

"बरा होणारा आजार नाही, सांभाळायचा आहे," डॉक्टर म्हणाले. "विळे-कोयते हलवा. घरात उजेड ठेवा. शांत करायची गोळी मनानं देऊ नका, उलटते. अन् जवळ जाण्याआधी आवाज द्या."

तुमच्या घरी कुणाला असं दिसत असेल, तर नारळ नंतर फोडा, आधी दाखवून घ्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांचे उपकार आहेत.

परवा मी दारातून आवाज दिला, "अण्णा, मी हाय."

 ते माझ्याकडं बघत आईला हळूच म्हणाले, "आवाज तर पोराचाच काढायलाय."

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.