फाउस्तिनाची शीळ

मेक्सिकोतल्या आम्हा मासातेक लोकांच्या डोंगरात माणसं शिळेवर बोलतात. नुसती हाक मारण्यापुरती नव्हे, बरं का. कॉफीचा भाव, खेचराचं दुखणं, सासूची कुरकुर, सगळं. मात्र शीळ पुरुषांनीच घालायची. बायकांना त्यातलं अक्षरन्अक्षर कळतं, पण बाईने ओठांचा चंबू केला की गावभर नाचक्की. फाउस्तिना याच रीतीत वाढलेली.

तिच्या घरी राजधानीतले डॉक्टर वेलार्दे उतरले होते. औषधाचे नव्हेत, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. जी भाषा माणूस कधी बोललाच नाही, ती त्याला येते असं म्हणावं का, हा त्यांच्या संशोधनाचा विषय.

"तुम्हाला कळतं हे कशावरून, बाई?" ती अंगणात कॉफी वाळत घालत असताना त्यांनी विचारलं.

"माझा नवरा सिरिलो समोरच्या उतारावरून शिळेवर काळा घेवडा मागतो, मी काळा घेवडाच शिजवते. आजवर ताट परत आलेलं नाही."

"आणि कधी बोलायची वेळ आली तर?"

"मग नवरा कशाला केलाय?"

एवढ्यात ओढ्याकडून कडाडकन आवाज आला. तिने वाकून पाहिलं, तर वर डोंगरात पडलेल्या पावसाच्या लोंढ्याने लाकडी पूल उचलून नेला होता. पाठोपाठ धुकं उतरलं आणि समोरचा डोंगर दिसेनासा झाला. त्या धुक्यातूनच सिरिलोची शीळ आली, "खेचर घेऊन उतरतोय. भूक लागलीय."

गावातले पुरुष गावकीच्या कामाला, दूर रस्त्यावर. ती ओरडली, डॉक्टर ओरडले. पाण्याच्या घोंघाटात सगळं विरून गेलं.

"वळणावर आलो," सिरिलोची शीळ. वळणापुढे पूलच.

"डॉक्टर, तुम्ही घाला शीळ."

"मला नाही हो येत, बाई."

तिने ओठांचा चंबू केला. नुसती हवा. पुन्हा फुसकन. मग निघाली एकदाची, फाटकी, चिरकी: "थांब. पूल गेला."

पलीकडून कडक शीळ आली, "कोण रे तू? टवाळी करतोस?"

उनाड पोरं अशा थापा मारत, म्हणून अनोळखी शिळेवर कुणी विश्वास ठेवत नसे. आता नाव सांगायचं, म्हणजे अख्ख्या डोंगराला सांगायचं. शिवाय कुंपणाशी सासू कान देऊन उभी. फाउस्तिनाने डोळे मिटले आणि स्वतःचं नाव वाजवलं.

डॉक्टर अंगणाच्या कडेला जाऊन धुक्यात डोळे ताणून पाहू लागले.

"खेचर मागे वळवलंय," शेवटी शीळ आली. "वरच्या वाटेने येतो." आणि जरा थांबून, "शीळ फार वाईट घालतेस गं."

ती खाली बसली, वाळत्या कॉफीवरच.

"उद्या पाणवठ्यावर तुझंच नाव निघणार," सासू म्हणाली.

"निघू दे, आई. तो येतोय ना."