मावशींनी रेफर केलं

मावशींची रीत ठरलेली. अंगठा पदराला पुसायचा, डोळे मिटायचे आणि तव्याला चिकटलेली भाकरी खरडावी तसं मोबाईलवरचं बक्षिसाचं कार्ड खरडायचं. मग डोळे न उघडताच विचारायचं, "निघालं का सिस्टर काही?"

बहुतेकदा काही निघायचं नाही. कधीमधी दोन रुपये.

भोकरदनच्या दवाखान्यात मी सिस्टर आणि त्या आया, म्हणजे सगळ्यांच्या मावशी. रिटायर झाल्यावर गल्लीही एकच झाली. तेव्हा मी तरुण होते, अडुसष्टचीच. आपल्याला सगळं कळतं, हा त्या वयाचा आजार मला जोरात होता. मावशी मोबाईलच्या एका ॲपवर जाहिराती बघून पैसे कमावतात, याची टिंगल गल्लीत पहिल्यांदा मीच सुरू केली.

त्यांना ती हौस नव्हती हो. रिचार्ज संपलं तेव्हा मुलगा एकदा वैतागून बोलला होता, तुला एवढे कोणाचे फोन येतात? तेव्हापासून मावशींचं एकच चालू होतं, पुढचं रिचार्ज आपल्या कमाईचं. पावलांचे पैसे मिळतात म्हणून जवळची गिरणी सोडून लांबच्या गिरणीत दळण न्यायच्या. साबणाच्या जाहिराती तर तुम्ही-आम्ही आरती म्हणतो तशा पाठ. "फुकटचं न्हाई सिस्टर, डोळे दुखून राह्यले. मेहनतीचं हाय."

सगळ्यात जास्त पैसे होते दुसऱ्या माणसाला ॲपमध्ये आणायचे. एका सकाळी समोरच्या म्हाताऱ्या अण्णांना त्या दारातूनच म्हणाल्या, "अण्णा, म्या तुम्हाला रेफर केलं बरं का." आता आमच्याकडे रेफरचा अर्थ एकच. इथं जमत नाही, पेशंट जालन्याला हलवा. अण्णा मटकन खाली बसले. त्यांच्या बायकोनं थर्मास काढला. मी पोट दुखेपर्यंत हसले.

मग मलाही लिंक आली. रिचार्जला बस एक माणूस कमी पडून राह्यलंय, म्हणाल्या. मी ऐटीत सांगितलं, मावशी, असले धंदे मी करत नाही. केवढी मोठी मी!

चार दिवसांनी त्यांचा बोलून पाठवलेला मेसेज आला. "सिस्टर, मला रेफर केलं."

मी हसून हसून रडणारा चेहरा पाठवला आणि वरणाला फोडणी दिली.

दुपारी अण्णांकडून कळलं. सकाळी मावशींच्या छातीत कळ आली, गाडीनं जालन्याला नेलं. मी मोबाईल उचलला. मेसेज पुन्हा ऐकला. दोन शब्दांच्या मध्ये त्या श्वास ओढत होत्या. तीस वर्षं रेफरच्या चिठ्ठ्या लोकांच्या हातात दिल्या मी, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

एसटीत बसले. काय करावं सुचेना, म्हणून त्यांची लिंक उघडली, नंबर टाकला, ॲप घेतलं. देवाला नवस बोलावा तसं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांचा मुलगा बसला होता. आत एक आया रिकाम्या पलंगावरची चादर काढून गादी पुसत होती. गादी कधी पुसतात, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मावशींचा मोबाईल त्याच्या हातात होता.

"सिस्टर, मघाशी याच्यावर अभिनंदन आलंय," तो म्हणाला. "कशाचं असंल?"

"रिचार्जचं," मी म्हणाले. "त्यांच्या कमाईचं."